भिन्न नाडी

आमची पत्रिका सासऱ्यांनी स्वतः जुळवली होती. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण, आणि वर नाडी भिन्न. मुलाची आद्य, मुलीची अंत्य. एक नाडी असली की संतती टिकत नाही असं शास्त्र सांगतं. ते आजच्या पोरांना पटावं म्हणून सासऱ्यांनी त्याला आपली एक जोड दिली होती. ते म्हणायचे, “नाडी म्हणजे दुसरं काही नाही, ब्लड ग्रुप. आपल्या लोकांना हे तेव्हाच मालूम होतं.” लग्नाच्या पंगतीत त्यांनी हे वाढप्यांनाही ऐकवलं असावं अशी मला दाट शंका आहे.

सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ज्योतिष हा त्यांचा धंदा नव्हे, पण उज्जैनमधली बरीच मराठी घरं मुलाबाळांच्या पत्रिका घेऊन रविवारी सकाळी त्यांच्याकडे यायची. कुणाकडून दक्षिणा घेत नसत, त्यामुळे शब्दाला जास्तच वजन. माणूस सज्जन आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे.

माझा रक्तगट बी निगेटिव्ह आणि नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. हे दोन्ही घरांना लग्नाआधीच ठाऊक होतं, फक्त त्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. माझे वडील बँकेच्या बदलीने उज्जैनला आलेले, घाबरट स्वभावाचे. बैठकीत त्यांनी एकदा चाचरत विचारलं होतं, निगेटिव्हचा पुढे काही त्रास तर नाही ना? सासऱ्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “वेगळं आहे तेच चांगलं साहेब. वेगळंच असायला पाहिजे.” वडिलांनी सुटकेचा श्वास सोडला आणि दुसरा पेढा उचलला.

लग्नाला वर्ष व्हायच्या आतच मला दिवस राहिले. माझी पाळी कधीच वेळेवर यायची नाही, त्यामुळे कळलं तेव्हा तिसरा महिना उलटत आला होता. त्याच सुमारास सरकारी शाळेत माझी निवड झाली होती. झाबुआकडच्या एका गावात रुजू व्हायचं होतं, आणि त्या नोकरीसाठी मी लग्नाच्या आधीपासून रात्रीचा दिवस केला होता. मला नोकरी हवी होती, मूल नंतर. याची मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. नवरा म्हणाला, तू म्हणशील तसं. तो नेहमीच असं म्हणतो. समोर जो असेल त्याचं मत हेच त्याचं मत, आणि पंचाईत अशी की मी नेहमीच समोर नसते.

सासू-सासऱ्यांना सांगावं लागलं. सासूबाई म्हणाल्या, “ठीक आहे. पण बाहेर कुणाला पता लागायला नको.” ही एकच अट होती. मला ती तेव्हा फार सोपी वाटली.

फ्रीगंजातल्या एका नर्सिंग होममध्ये शनिवारी सकाळी ते सगळं झालं. मी अर्धवट गुंगीत असताना डॉक्टरीणबाई येऊन उभ्या राहिल्या आणि नवऱ्याकडे बघत बोलल्या, “ये निगेटिव्ह हैं, तो एक इंजेक्शन लगेगा. तीन दिन के अंदर. अभी रखा नहीं है, कल मँगवा देंगे. ले आना इनको.” नवऱ्याने मान डोलावली. इंजेक्शन कशासाठी, नाही दिलं तर काय होईल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बाहेर बाकांवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, त्यांना पुढची हाक मारायची होती.

आता उज्जैनची गंमत अशी की इथे श्रावण दोनदा लागतो. हिंदी लोकांचा सावन पौर्णिमेनंतर सुरू होतो, आमचा मराठी श्रावण त्याच्या पंधरा दिवस मागून. तो आमचा श्रावण नुकताच लागला होता, येत्या मंगळवारी माझी पहिली मंगळागौर होती, आणि त्यासाठी सासऱ्यांची थोरली बहीण ग्वाल्हेरहून येऊन दाखल झाली होती. या आत्याबाई सोवळ्याओवळ्याच्या पक्क्या, नजर घारीची. मी रिक्षातून उतरून कशीबशी दारात आले तेव्हा सासूबाई पुढे झाल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, “वन्संना सांगितलंय, तुला अडचण आली आहे. मंगळागौर पुढच्या मंगळवारी करू.”

मला त्यांचं कौतुकच वाटलं. रक्त जात होतं ते लपवायला याहून सोयीचं कारण कुठलं? घरात एरवी पाळीचं काही पाळत नसत. देवघरात जायचं नाही, एवढंच. पण आत्याबाईंच्या देखत पाळायचं म्हणजे सगळंच पाळायचं. मागच्या खोलीत वेगळी चटई, वेगळं तांब्या-भांडं, ताट दाराशी सरकवायचं. चार दिवस बाजूला बसायचं आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं. मला विश्रांती मिळाली, घराची अब्रू राहिली. सगळे खूश होते.

रविवारी मी दाराआडून सासूबाईंना म्हटलं, “आई, ते इंजेक्शन राहिलंय. नर्सिंग होमला जायला पाहिजे.”

“अगं, बाजूला बसलेली बाई दवाखान्यात कशाला चालली, असं वन्संनी विचारलं तर काय सांगू? चौथ्या दिवशी न्हालीस की जाऊन ये.”

“तीन दिवसांत सांगितलंय त्यांनी.”

“एका दिवसाने काय फरक पडून राहिला आहे?”

मी नवऱ्याला पिटाळलं. तो बापाकडे गेला. मागच्या खोलीच्या भिंतीला कान लावायची गरज नव्हती, सासऱ्यांचा आवाज खणखणीत. “रक्ताचं इंजेक्शन? तुमची तर नाडी भिन्न आहे, मी स्वतः पाहिलंय. रक्ताचा सवालच नाही.” मग हळू आवाजात, “आणि मूल तर राहिलं नाही बेटा. मग इंजेक्शन कुणासाठी?”

खरं सांगायचं तर मलाही प्रश्न इतका बिनतोड वाटला की मी चटईवर आडवी झाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

तरी सोमवारी सकाळी मी पुन्हा विषय काढला. नवरा म्हणाला, आज महाकालची सवारी आहे, पालखी निघते, दुपारनंतर रस्ते बंद, अडकून पडू. उद्या तू न्हालीस की बघू. मंगळवारी न्हाले. त्या दिवशी आत्याबाई शेजारीच पोथी घेऊन बसल्या होत्या, त्यामुळे गेलो बुधवारी. काउंटरवरच्या बाईने कागद बघितला आणि म्हणाली, “अब क्या फायदा, टाइम निकल गया. अगली बार ध्यान रखना.” डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये होत्या. आम्ही टावर चौकात उसाचा रस पिऊन घरी आलो. पुढच्या मंगळवारी मी नऊवारी नेसून मंगळागौर पूजली, फुगड्या घातल्या, आणि आत्याबाईंनी माझ्या उखाण्याचं कौतुक केलं.

तीन वर्षं गेली. बदली करून घेऊन मी उज्जैनजवळच्या शाळेत आले. आता मूल हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, मला वेड लागल्यासारखं हवं होतं. राहिलं तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले होते.

या वेळी डॉक्टर वेगळ्या होत्या, तरुण, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणाऱ्या. सासूबाई सोबत आल्या होत्या. डॉक्टरांनी रक्तगट बघितला, भुवया जवळ आणल्या आणि विचारलं, “इससे पहले कोई प्रेग्नेंसी? मिसकैरेज, अबॉर्शन, कुछ भी?”

“नहीं, पहला ही है,” सासूबाई म्हणाल्या. पटकन, सवयीने म्हणाल्या.

“हुआ है,” मी म्हटलं. “अबॉर्शन. तीन साल पहले.”

“इंजेक्शन लगा था उसके बाद?”

“नहीं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी एक तपासणी लिहून दिली, आणि ती आल्यावर आम्हा दोघांना समोर बसवून सावकाश समजावलं. पॉझिटिव्ह रक्तात एक खूण असते, निगेटिव्हमध्ये ती नसते. पहिल्या खेपेच्या गर्भाचं रक्त बापासारखं पॉझिटिव्ह होतं. ते गेलं तेव्हा त्याचे थोडे थेंब माझ्या रक्तात मिसळले. माझ्या रक्ताने त्या परक्या खुणेला शत्रू मानलं आणि तिच्याशी लढायची तयारी करून ठेवली. इंजेक्शन असतं तर ते थेंब माझ्या रक्ताने ओळखायच्या आतच पुसले गेले असते. एकदा ओळखलं की ओळखलं. ते पुढे कधीच विसरत नाही. आता पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असेल तर माझंच रक्त नाळेतून जाऊन त्याचं रक्त फोडत राहणार.

“म्हणजे ते इंजेक्शन कुणासाठी होतं?” मी नवऱ्याला तिथेच, डॉक्टरांच्या समोर मराठीत विचारलं. “कळलं का आता, कुणासाठी होतं?”

डॉक्टर म्हणाल्या की उशिरा, बुधवारीसुद्धा ते देऊन टाकायला हवं होतं, काही प्रमाणात उपयोग झाला असता. हे त्यांनी मला सांगायला नको होतं असं मला अजून वाटतं.

चार दिवस मी चटईवर बसले होते. घरातल्या सगळ्यांनी मिळून जे घडलंच नाही असं ठरवलं होतं, ते माझं रक्त त्याच चार दिवसांत नीट लक्षात ठेवत होतं.

इंदूरच्या मोठ्या रुग्णालयात आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. एक आशा होती. नवऱ्याच्या आईकडून किंवा वडिलांकडून निगेटिव्हचा अंश आला असेल, तर बाळही निगेटिव्ह निघू शकतं. इंदूरच्या वाटेवर सांवेर गाव लागेपर्यंत मी तेच घोकत जायची. माझ्यावर जा, माझ्यावर जा. तुझ्या बापाचं काही घेऊ नकोस. सासूबाई मंगळनाथाला भातपूजा, पिंडीला भाताचा लेप लावतात ती, बोलल्या आणि करूनही आल्या. मी प्रसाद खाल्ला. त्या दिवसांत कुणी माती आणून दिली असती तरी मी खाल्ली असती.

बाळ माझ्यावर गेलं नव्हतं. पाचव्या महिन्यात इंदूरच्या डॉक्टरांनी बाळाच्या मेंदूत जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजला आणि सांगितलं, वेग वाढलाय, म्हणजे रक्त पातळ झालंय. पडद्यावर ते करड्या रंगाचं इवलंसं हृदय उडत होतं. मी त्यांना विचारलं, “मेरा सारा खून निकालकर दूसरा नहीं डाल सकते?” त्या हसल्या नाहीत. नाही म्हणाल्या, उपयोग नाही, तुमचं शरीर पुन्हा तेच तयार करेल.

घरी आले की मी स्वतःच्या मनगटावरच्या निळ्या शिरा बघत बसायची. आपलंच रक्त आपल्याला इतकं नकोसं होऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं. जेवायची ती बाळासाठी, आणि प्रत्येक घासागणिक वाटायचं की यातून जे रक्त होणार ते त्याच्याच मुळावर उठणार. नवरा समजूत घालायला आला की मी त्याच्यावर खेकसायची. तुझी काय चूक, असं मी म्हणावं असं त्याला वाटत असणार. मी म्हटलं नाही.

सासऱ्यांनी पंचांग उघडायचं सोडलं. रविवारी लोक यायचे, तर हे आतूनच सांगायचे, तब्येत ठीक नाही. माझ्यासमोर येणं टाळायचे. मी बैठकीत गेले की ते गच्चीवर जायचे. मी माझा राग साठवून ठेवला होता.

बाळाला पोटातच रक्त द्यायचं ठरलं. माझ्या पोटातून लांब सुई आत घालायची, नाळेतली शीर गाठायची, आणि ओ निगेटिव्ह रक्त थेंब थेंब सोडायचं. निगेटिव्ह असल्यामुळे माझं रक्त त्याच्या वाटेला जाणार नाही. पण ओ निगेटिव्ह माणसं शोधायची कुठे? नवऱ्याने गावभर फोन केले. टावर चौकातला एक मोबाईलवाला, ज्याच्याकडून आम्ही कधी एक कव्हरसुद्धा घेतलं नव्हतं, तो दुकानाचं शटर ओढून इंदूरला आला. दुसरी देवासची एक महिला शिपाई. तिने ड्यूटीच्या गणवेशातच रक्त दिलं आणि मला न भेटताच निघून गेली.

पहिल्यांदा जमलं. दुसऱ्या वेळी सुई लावायच्या आधीच डॉक्टरांना दिसलं की बाळाच्या पोटात पाणी साचायला लागलंय. डॉक्टर आपसात इंग्रजीत बोलल्या. मला इंग्रजी येतं, मी शिक्षिका आहे, आणि त्या दिवशी ते येत नसतं तर बरं झालं असतं. बाळ सकाळपासून हललं नव्हतं. त्यांनी मला दोन तास डावीकडे वळून पडायला सांगितलं. रक्त यायचं होतं.

त्या दोन तासांत सासरे आले. उज्जैनहून बसने, एकटेच. हातात आमच्या घरचा जुना निळा थर्मास, सहलीला नेतो तो. माझ्या खाटेपाशी उभे राहून त्यांनी झाकण उघडलं. आत बर्फ, आणि बर्फात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक छोटा डबा.

“आणलंय बेटा,” ते म्हणाले. “फ्रीगंजात नव्हतं, मागवून घेतलं. थंड ठेवावं लागतं म्हणाले, म्हणून बर्फ घातला. डॉक्टरांना सांग, आता लगेच देऊन टाका.”

मला आधी कळलंच नाही. मग डब्यावरचं नाव दिसलं. तेच इंजेक्शन. तीन वर्षांपूर्वी राहून गेलेलं.

ज्याची मी इतके महिने वाट बघत होते तो राग आला. पोटावर हात ठेवून, एका कुशीवर पडल्या पडल्या, मी वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडले. “याचा आता काही उपयोग नाही बाबा! हे तेव्हा आणायचं होतं! तेव्हा तुम्ही म्हणालात कुणासाठी. हिच्यासाठी, नाही तर ह्याच्यासाठी, जे कोण आत मरतंय ना, त्याच्यासाठी होतं ते!”

“मला पता नव्हतं गं.”

“पता नव्हतं तर बोललात कशाला?”

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. थर्मासातलं पाणी सासऱ्यांच्या धोतरावर सांडलं. डॉक्टर आल्या तेव्हा त्यांनी तो डबा त्यांच्यापुढेही धरला, दोन्ही हातांनी. “बाबूजी, अब इसका काम नहीं,” डॉक्टर म्हणाल्या. “यह पहले लगता है.” सासऱ्यांनी मान हलवली, जणू कुणीतरी परीक्षेचा निकाल सांगितला होता. बेसिनपाशी जाऊन त्यांनी बर्फ ओतून टाकला, डबा खिशात घातला आणि दाराबाहेरच्या बाकावर बसले. मला आत नेलं तेव्हा ते तिथेच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही तोंड फिरवलं. मला त्यांची दया येत होती, आणि ती येतेय याचाही संताप येत होता.

सुई लागली. बाळ हललं नाही, म्हणून सुई लावायला सोपं गेलं, असं डॉक्टर म्हणाल्या. रक्त गेलं. संध्याकाळी ते एकदा हललं. मी हात लावून बसले, पुन्हा हलेना. माझी खात्री झाली की मीच कल्पना केली. मग सकाळच्या चहाच्या वेळी त्याने बरगडीखाली चांगला ठोसा मारला आणि माझ्या हातातला कप सांडला.

पुढे आणखी एकदा रक्त द्यावं लागलं. आठवा संपता संपता पोट कापून त्यांनी तिला बाहेर काढलं. मुलगी. हळदीच्या रंगाची, आवाज मांजरीच्या पिल्लाइतका. निळ्या दिव्यांखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून ती पेटीत पडून होती. तिथेही तिचं रक्त एकदा बदललं. सासूबाई दुसऱ्या दिवशी रिपोर्ट नाचवत आल्या. “ओ निगेटिव्ह आहे! आईवर गेली! भातपूजा फळली!” त्यांना वाटलं, सगळ्यांचंच काहीतरी चुकलं होतं आणि देवाने ते बरोबर केलं.

डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं. ते रक्त तिचं नव्हतंच. मोबाईलवाल्याचं होतं, देवासच्या त्या बाईचं होतं, आणि नाव न कळलेल्या आणखी कुणाकुणाचं. तिचं स्वतःचं जवळपास एक थेंबही उरलं नव्हतं. उधारीचं रक्त हळूहळू संपणार. माझ्याकडून तिच्यात गेलेलं विष काही आठवडे राहणार. तेवढ्यात तिच्या हाडांनी स्वतःचं रक्त बनवायला घेतलं, आणि ते टिकलं, तर ती जगेल.

म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. दर आठवड्याला तिच्या टाचेला सुई टोचायची आणि आकडा ऐकायचा. आकडा उतरत होता. ती पांढरी पडत चालली होती, दूध ओढता ओढता दमून झोपायची. पुन्हा रक्त चढवलं. पुन्हा उतरायला लागलं. टाचा इतक्या चाळणी झाल्या होत्या की मी तिला मोजे घालून ठेवायची, मला बघवत नव्हतं म्हणून. नवरा आता मला विचारल्याशिवायच गाडी काढायचा, डॉक्टरांशी भांडायचा, लॅबमध्ये ठाण मांडून बसायचा. याला एवढं बोलता येतं हे मला नवीन होतं.

आणि एका आठवड्यात आकडा उतरलाच नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात किंचित वर गेला. डॉक्टरांनी रक्तगट पुन्हा बघायला सांगितलं. नवऱ्याने लॅबमधूनच फोन केला, पण त्याला बोलता येईना. मी म्हटलं, अरे काय आहे ते सांग. तो म्हणाला, “बी पॉझिटिव्ह.”

ज्या रक्तासाठी मी सांवेरच्या रस्त्यावर नको नको म्हणत गेले होते, ते रक्त तिने स्वतः बनवलं होतं. मी फोन धरून, तोंडात पदर कोंबून रडले.

बारसं तिसरा महिना संपल्यावर केलं. फार माणसं बोलावली नाहीत. आत्याबाई मात्र ग्वाल्हेरहून आल्या, आता काठी टेकत. सासऱ्यांनी तिची पत्रिका केली नव्हती. आत्यांनी त्याबद्दल टोकलं तर म्हणाले, जन्मवेळ बघायची राहून गेली. नाव ठेवून झालं, बायकांनी कुर्र केलं, आणि आत्याबाई माझी ओटी भरायला बसल्या. तांदूळ घालता घालता म्हणाल्या, “पहिल्याच खेपेला केवढं सोसलंस गं पोरी.”

“हो ना वन्सं,” सासूबाई म्हणाल्या. पटकन, सवयीने.

“पहिली खेप नाही, आत्या,” मी म्हटलं. “दुसरी. पहिलं त्या श्रावणात गेलं. तुम्ही होतात घरी. मी मागच्या खोलीत बाजूला बसले होते ना, तेव्हा.”

पाळण्याची दोरी धरलेली बाई थांबली. सगळ्यांनी दाराकडे बघितलं, कारण दारात सासरे उभे होते, आणि आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचाच असतो. मला वाटलं, आता ते विषय बदलतील. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

“खरं सांगून राहिली आहे ती,” ते म्हणाले. “त्याचंही रक्त पॉझिटिव्हच होतं.”

आत्याबाईंनी हातातला नारळ माझ्या ओटीत ठेवला, आणि सासूबाईंकडे न बघताच म्हणाल्या, “वहिनी, अजून एक नारळ आण. पहिल्या खेपेचा राहिलाय.”